दार बंद राहील

"बसा की. जागा हाय," दानम्मा बाकावर थोडी सरकून म्हणाली.

"नको, मावशी. उभाच बरा आहे," शिवयोगी म्हणाला आणि भिंतीला खांदा टेकवून खिडकीबाहेर पाहू लागला.

खिडकीबाहेर बाळीवेस पेठेची सकाळ सावकाश उलगडत होती. गिरणीचा भोंगा होऊन गेला होता. ओल्या सुताचे गठ्ठे डोक्यावर घेतलेल्या बायका उन्हातून चालल्या होत्या आणि त्या सुताचा रंग ठिबकून रस्त्यावर निळ्या थेंबांची एक वाट उमटली होती. एरवी शिवयोगी बिराजदाराने त्या वाटेवर मनातल्या मनात दोन-चार ओळी रचल्या असत्या. तो तसा हळवा, अबोल तरुण होता. सरकारी कचेरीत कारकुनी करीत असूनही संध्याकाळच्या उजेडाने त्याला उगीच उदास वाटे. आज मात्र त्याचे सारे चित्त शरीराच्या अशा एका भागापाशी गोळा झाले होते, ज्याच्यावर आजवर कोणी ओळी रचलेल्या नाहीत. तिथे गळू झाले होते.

गळू त्याने बरेच दिवस सोसले. कचेरीत तो कपाटावर फाइल ठेवून उभ्याउभ्याच लिही, सायकल हातात धरून चालत जाई. दवाखान्यात यायला मात्र त्याचा धीर होत नव्हता, कारण या दवाखान्याची रीत त्याला लहानपणापासून ठाऊक होती. थोरले डॉक्टर होते तोवर तपासायच्या खोलीत सगळी पेठ एकदमच बसत असे. एकाने जीभ दाखवली की दहा जण वाकून पाहत. कुणाला जुलाब, कुणाला खरूज, हे आधी आळीला कळे आणि मग डॉक्टरांना. औषध डॉक्टर देत, पण पथ्य बाकावरची मंडळी सांगत.

थोरले डॉक्टर गेले आणि मिरजेहून शिकून आलेले त्यांचे चिरंजीव, मानसिंग डॉक्टर, खुर्चीवर बसले. त्यांनी पहिल्याच महिन्यात मधल्या दाराला कडी बसवली आणि बाहेर एक पाटी टांगली. आणीबाणीचे दुसरे वर्ष होते. शहरात पाट्यांना तोटा नव्हता. पण 'हक्क' हा शब्द असलेली पाटी त्या वर्षी बहुधा तेवढी एकच असावी. तिच्यावर लिहिले होते:

'रुग्णांचे हक्क व दवाखान्याचे नियम. एका वेळी एकच रुग्ण आत येईल. तपासणी चालू असता दार बंद राहील. रुग्णाचा आजार त्याच्या परवानगीशिवाय कोणासही सांगितला जाणार नाही, आईवडिलांसही नाही.'

ही पाटी वाचल्यावर शिवयोगीच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आले होते. कोणीतरी आपल्याला न विचारता आपल्या मनातले ओळखले, असे त्याला वाटले.

त्याच्या लाजण्याला आणखी एक कारण होते आणि ते नेमके समोरच्या बाकावर गुडघे चोळीत बसले होते. दानम्मा ही मैंदर्गीच्या ईरप्पा आडत्यांची बहीण. आणि ईरप्पांची मुलगी महादेवी शिवयोगीला सांगून आली होती. पाहण्याच्या दिवशी ईरप्पांनी "मुलाचं नाव काय?" असे सहज विचारले, तेव्हा गोंधळलेल्या शिवयोगीने "महादेवी" असे उत्तर दिले होते. चहाचा ट्रे धरून उभी असलेली मुलगी ट्रे तसाच खाली ठेवून, पदर तोंडाला लावून आत निघून गेली. ती रडायला गेली की हसायला, हे त्याला अजून उमगले नव्हते. तरीही होकार आला, आणि तेव्हापासून तो पदर त्याच्या स्वप्नांत फडफडत होता. येत्या रविवारी साखरपुडा होता. त्या मुलीच्या कानावर हे गळू जाऊ नये, एवढेच त्याचे देवाकडे मागणे होते.

"पुढचा नंबर!" कंपाउंडर कुंडलिकने हाक मारली.

शिवयोगी आत गेला. दार बंद झाले. त्या दवाखान्याच्या इतिहासात ते पहिल्यांदाच बंद झाले, कारण त्याच्या आधीच्या सगळ्यांनी "दार असू द्या की, वारं येतंय" म्हणून ते उघडे ठेवायला लावले होते.

आत काय झाले ते थोडक्यात सांगण्याजोगे आहे. डॉक्टरांनी त्याला पालथे झोपवले, कुंडलिकने स्टोव्हवर उकळलेली हत्यारे पुढे केली, आणि शिवयोगीने दातांत टॉवेल धरला. टॉवेल जाड सोलापुरी होता, तरी त्यातून एक "अव्वाऽऽ" बाहेर गेलीच.

"झालं," मानसिंग डॉक्टर हात धूत म्हणाले. "आठ दिवस सायकल नाही. बसणं जपून. आणि लाजू नका, कुणालाही होतं."

"डॉक्टर, हे कुणाला..."

"पाटी वाचलीत ना? मग निश्चिंत जा."

तो बाहेर आला. पंचवीस जणांचे डोळे जणू एकाच चेहऱ्यात बसवून त्याच्याकडे लावले होते. तो पाय फाकवून, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखा चालत होता.

"काय झालं रं?" दानम्माने विचारले.

"काही नाही, मावशी. किरकोळ."

"किरकोळला दार लावत्यात व्हय?" ती कुंडलिककडे वळली. "कुंडलिका, तू आत हुतास न्हवं? सांग की."

कुंडलिक हा थोरल्या डॉक्टरांच्या काळचा माणूस. पेठेतल्या प्रत्येकाचे पोट त्याला तोंडपाठ होते आणि ते तो मिक्स्चरच्या बाटलीबरोबर फुकट सांगत असे. नव्या डॉक्टरांनी त्याला सक्त ताकीद दिली होती. त्याने ओठ घट्ट मिटले, मान खाली घातली आणि पाटीकडे बोट केले. त्याच्या तोंडून शब्द न निघणे हे बाळीवेशीने कधी पाहिले नव्हते. ते पाहून सगळी मंडळी बाकाच्या कडेला सरकली.

शिवयोगी सायकल हातात धरून, फाकत फाकत गल्लीतून दिसेनासा झाला. दानम्मा बराच वेळ त्या दिशेला पाहत राहिली. मग तिने पदर सावरला आणि शेजारणीला हळूच विचारले, "सरकारी नोकर हाय न्हवं त्यो?"

ते दिवसच तसे होते. कचेरीकचेरीतून नसबंदीच्या केसेसचा आकडा पुरा करायचा असे. कुणाला बाजारातून उचलले, कुणाला सिनेमाच्या रांगेतून, अशा कहाण्या रोज नव्याने पसरत. बंद दार, आतून आलेली किंकाळी, कंपाउंडरची वाचा बसलेली, आणि सरकारी कारकून पाय फाकवून चालतो आहे, बसायला तयार नाही! एवढ्या पुराव्यापुढे डॉक्टरांच्या पाटीचे काय चालणार?

"यप्पा," दानम्मा पुटपुटली, "लगनाआधीच केलं की पोराचं!"

दुसऱ्या दिवशी कचेरीत हेडक्लार्क आबासाहेबांनी शिवयोगीला आपल्या टेबलाशी बोलावले. त्यांची एक भाची बाळीवेशीत दिली होती. आपल्या विभागाच्या दोन केसेस कमी पडत असल्यामुळे महिनाभर त्यांना झोप नव्हती. आज त्यांचा चेहरा वेगळाच दिसत होता.

"बिराजदार," ते गहिवरून म्हणाले, "काही बोलू नका. मला सगळं समजलंय."

शिवयोगी कानापर्यंत लाल झाला. पण त्याच वेळी त्याला फार हलकेही वाटले. जे सांगायचे नव्हते ते न सांगताच कळले होते. "हो, साहेब," तो खाली मान घालून म्हणाला.

"लग्न व्हायच्या आधीच?"

"लग्नात फार वेळ बसावं लागतं, साहेब. म्हटलं आधीच उरकलेलं बरं."

आबासाहेबांना हे कारण नीटसे कळले नाही, पण त्यामागचा त्याग त्यांना दिसला. "घरी विचारलंत?"

"नाही. अशा गोष्टी घरी काय सांगायच्या?"

"धन्य आहे. मला दोन वर्षं धीर होत नाहीये, आणि तुम्ही या वयात..."

"तुम्हालाही आहे, साहेब?" शिवयोगीने सहानुभूतीने विचारले. "अंगावर काढू नका. मानसिंग डॉक्टर चांगले आहेत. दार लावून करतात."

आबासाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि त्याला तिथल्या तिथे आठ दिवसांची रजा दिली.

त्या संध्याकाळी शिवयोगीची आई सुंदरम्मा भाकरी थापत होती. शिवयोगी कुशीवर पडून कौलांमधून येणारा उजेड पाहत होता. इतक्यात आबासाहेब हार आणि नारळ घेऊन दारात उभे राहिले. त्यांनी पडलेल्या शिवयोगीच्या गळ्यात तसाच हार घातला.

"माउली," ते सुंदरम्माला म्हणाले, "असा मुलगा पोटी यायला भाग्य लागतं. देशासाठी त्यानं आपला वंश दिला!"

सुंदरम्माच्या हातातली भाकरी परातीत पडली. आबासाहेबांनी सविस्तर सांगितले तेव्हा तिने कपाळावर पिठाचा हात मारून घेतला. ती घाबरली की कानडीवर येई. "एनातो, शिवू? काय झालं रे?"

शिवयोगी हारासकट ताडकन उठून बसला आणि लगेच ताडकन उभा राहिला. "तसलं काही नाही! साहेब, तसलं नाही हो ते!"

"मग काय?" दोघांनी एकदम विचारले.

शिवयोगी हाराशी चाळा करीत खाली पाहू लागला. आबासाहेब समजूतदारपणे हसले, "लाजतोय," म्हणाले, आणि निघून गेले. ते गेल्यावर त्याने आईला सांगितले, "अव्वा, गळू झालं होतं."

"कुटं?"

त्याने दिशा दाखवली.

"दाखव."

"नाही."

"लहानपणी मीच धुतलंय की रे ते! दाखव म्हणते!"

"अव्वा, मी सव्वीस वर्षांचा आहे."

सुंदरम्मा चुलीपुढे जाऊन बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. गळू असते तर पोराने दाखवले असते, एवढा साधा विचार तिने केला होता. शिवयोगी अंधारात उभा राहिला. खरे सांगितले तर हसे होईल आणि न सांगितले तर महादेवी जाईल, या दोहोंच्या मध्ये आपण उभे आहोत हे त्याला कळत होते. बसता तर येतच नव्हते.

शनिवारी सकाळच्या एसटीने ईरप्पा आले. पिळदार मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. पण त्या दिवशी त्याची मिशी उतरलेली होती. महादेवी दोन दिवसांपासून आत्याकडेच होती. साखरपुड्याच्या साड्या घ्यायला आलेली. साड्या पुडक्यातच राहिल्या होत्या.

"शरणार्थी," सुंदरम्माला लिंगायत रिवाजाने हात जोडून ते म्हणाले. "तुमी चांगली माणसं हाय. भांडायला न्हाय आलो. पर पोरीच्या जन्माचा सवाल हाय. चला डॉक्टरकडं. त्यो सांगंल ते खरं."

दवाखाना भरलेला होता. त्या दिवशी ज्यांना काही होत नव्हते तेही आले होते. ईरप्पा पुढे, मागे सुंदरम्मा, तिच्या मागे शिवयोगी. दानम्मा आपल्या ठरलेल्या बाकावर, आणि तिच्या आडोशाला हिरव्या पदराची मुलगी. शिवयोगीने एकदाच तिकडे पाहिले आणि नजर पाटीवर खिळवली.

मानसिंग डॉक्टर बाहेर आले. त्यांनी ईरप्पांचे सारे शांतपणे ऐकून घेतले.

"त्यांच्या परवानगीशिवाय मला काही सांगता येणार नाही."

"मी सासरा होणार हाय त्येचा!"

"तरी नाही."

"ही त्येची जन्माची आई हितं उभी हाय."

"त्यांनाही नाही."

"म्हंजे सरकारनं तोंड बांधलंय तुमचं!"

"माझं मीच बांधलंय," डॉक्टर म्हणाले. मग समोरच्या बापाचा चेहरा पाहून त्यांना राहवले नाही. "काळजी करू नका. अगदी साधी गोष्ट आहे. छोटीशी शस्त्रक्रिया. आठ दिवसांत माणूस कामाला लागतो."

बाकावरून एक दीर्घ सुस्कारा निघाला. दवाखान्यासमोरच्या भिंतीवर, कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाखाली, सरकारने हेच सगळे हुबेहूब लिहून ठेवले होते.

"झालं की," दानम्मा म्हणाली. "आनि काय सांगायचं ऱ्हायलं?"

ईरप्पांनी हळूच रुमाल खांद्यावर टाकला. "चल महादेवी," ते बहिणीच्या आडोशाकडे पाहून म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. आणि तेच शिवयोगीला सहन झाले नाही. हिरवा पदर उठून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा शिवयोगीला वाटले की लाजेपेक्षा मोठी अशी काही गोष्ट जगात आहे, आणि ती आता दाराकडे चालली आहे.

"थांबा," तो म्हणाला. "डॉक्टर, सांगा."

"विचार करा, बिराजदार. इथं पुष्कळ माणसं आहेत. तुमचा हक्क आहे."

"माझाच आहे ना? मग सोडला. सगळ्यांसमोर सांगा. दार उघडं ठेवून सांगा."

डॉक्टरांनी घसा खाकरला. "यांच्या पार्श्वभागी एक विद्रधी झाला होता. त्याचं छेदन करून..."

मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. ईरप्पांचा रंग आणखीच उतरला. तेव्हा इतके दिवस कोंडलेला कुंडलिक डॉक्टरांच्या मागून उसळून पुढे आला.

"अवो, ढुंगणाला गळू झालं हुतं त्येच्या! लिंबाएवढं! वाटीभर पू निघाला!"

शिवयोगीने डोळे मिटून घेतले होते. आणि मग अख्ख्या दवाखान्यात आनंदीआनंद झाला. चारचौघांत, दार उघडे ठेवून सांगितलेले खोटे कसे असेल? शिवाय कितीतरी दिवसांनी मंडळींच्या हाती आपला म्हणावा असा आजार लागला होता.

"जवसाचं पोटीस बांधायचं की रं, पोरा!"

"कांदा भाजून. माझ्या दिराला तितंच झालं हुतं."

"वांगं सोड. वांगं वाईट."

"आनि मी म्हनत हुते," दानम्मा पुन्हा पुन्हा सांगू लागली, "असलंच कायतरी किरकोळ असनार म्हनून!"

सुंदरम्मा रडत-हसत मुलाच्या पाठीवरून हात फिरवीत होती. ईरप्पांची मिशी हळूहळू वर चढत होती. सगळे पूर्ववत होत आले, एवढ्यात बाकामागून एक घुसमटलेला आवाज आला.

"आत्या... मला डॉक्टरकडं जायचंय."

महादेवी पुढे आली होती. पदर तोंडाशी घट्ट धरलेला, डोळ्यांत काठोकाठ पाणी, खांदे थरथरत होते.

"काय झालं गं?" दानम्माने विचारले.

तिने नुसती मान हलवली. डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिले, बाजूला होऊन वाट दिली आणि तिच्यामागे स्वतः आत गेले. कडी लागली. आत कुंडलिकने पेटता ठेवलेला स्टोव्ह फरफरत होता. दुसरे काही ऐकू येईना.

या वेळी ईरप्पांनी खांबाला हात टेकला होता, आणि सुंदरम्मा त्यांच्याकडे रोखून पाहत होती.

"पोरीच्या डोळ्याला पानी का हो आलं?"

"काय न्हाय हो. चांगली हाय पोरगी माजी."

"मग दार का लावलं?"

थोड्या वेळाने दार उघडले. महादेवी बाहेर आली. चेहरा धुतल्यासारखा शांत, डोळे मात्र लाल. ती खाली पाहत आत्याच्या आडोशाला जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, काय झालंय तिला?" ईरप्पांनी विचारले. "मी बाप हाय तिचा!"

डॉक्टरांनी पाटीकडे बोट केले. या खेपेला कुंडलिक आत नव्हता. तो बाहेर तळमळत उभा होता.

"शिवू, विचार तिला," सुंदरम्मा म्हणाली. "तू सगळ्यांम्होरं सांगितलंस की न्हाय? आता तिनं सांगावं."

साऱ्यांच्या माना शिवयोगीकडे वळल्या. त्याने हिरव्या पदराकडे पाहिले. गेल्या चार दिवसांत आपल्याला काय काय वाटले ते त्याला आठवले: भिंतीला टेकलेला खांदा, गल्लीतल्या नजरा, चुलीपुढे बसलेली आई.

"नाही विचारणार," तो म्हणाला. "त्यांना सांगावंसं वाटलं तर त्या सांगतील. नाही वाटलं तर नाही. उद्या साखरपुडा आहे. ईरप्पाकाका, आम्ही वाट पाहू."

शिवयोगीने इतकी वाक्ये एका दमात उच्चारल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते. ईरप्पा बहिणीकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "बोलतोय की गं चांगलं!"

साखरपुडा झाला. लग्न मैंदर्गीला, मारुतीच्या देवळामागच्या मांडवात लागले. लग्न लावणाऱ्या स्वामींनी "नवऱ्या मुलानं पाटावर बसावं" म्हटले तेव्हा बाळीवेशीहून आलेली सारी मंडळी टाचा उंचावून पाहू लागली. शिवयोगी बसला. मांडवातून समाधानाची एक झुळूक फिरली.

शेजारच्या पाटावरून, मुंडावळ्यांच्या आडून, अगदी हळू प्रश्न आला. "दुखत न्हाय न्हवं?"

"नाही," तो म्हणाला. तिचा आवाज त्याने इतक्या जवळून प्रथमच ऐकला होता. धीर करून तो म्हणाला, "त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही... राहू द्या. सांगायलाच हवं असं नाही."

"हसायला गेले हुते."

"काय?"

"त्या कंपाउंडरनं सांगितल्यावर हसू आवरंना. अप्पांच्या म्होरं हसू कशी? डॉक्टर म्हनाले, सावकाश हसा, बाई, दार बंद आहे. मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं."

शिवयोगीने अक्षता पडू दिल्या. मग त्याने मनात इतके दिवस राहून गेलेले विचारले. "आणि पाहायला आलो होतो, तेव्हा? ट्रे ठेवून आत गेलात ते?"

पदर तोंडाशी गेला. खांदे थरथरू लागले. या खेपेला उठून जायला आतली खोली नव्हती.

समोरच्या रांगेत कुंडलिक मानसिंग डॉक्टरांच्या कानाशी वाकला. "नवरी बगा कशी रडाय लागली. डॉक्टर, आता तर सांगा. त्या दिवशी झालं काय हुतं हो तिला?"

मानसिंग डॉक्टरांनी नवरीकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले. जवळ पाटी नव्हती; तेव्हा त्यांनी जिथे ती टांगलेली असती तिथे, मांडवाच्या रिकाम्या खांबाकडे, नुसते बोट केले.